आकाशमार्गींचें ओझें

प्रवासाला निघालेल्या माणसाचें सामान काट्यावर घालावें आणि पाठोपाठ त्या माणसालाहि काट्यावर उभें करावें, ही कल्पना आगबोटीच्या काळांतील प्रवाशाला विलक्षण, किंबहुना थोडी अपमानाचीच वाटली असती. त्या काळीं परदेशीं जाणें म्हणजे अर्धें घर बरोबर नेणें असे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेस निघालेल्या गृहस्थाबरोबर लोखंडी ट्रंका, चामड्याच्या पेट्या, अंथरुणाची वळकटी आणि फराळाचे डबे असा संसार चाले. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवर या सामानाची वर्गवारी वजनानें होण्यापेक्षां गरजेनें होई. कांहीं सामान केबिनमध्यें ठेवावयाचें, कांहीं प्रवासांत मधूनमधून लागणारें, आणि कांहीं वाटेंत मुळींच न लागणारें. त्या त्या अर्थाचीं लेबलें पेट्यांवर डकविलीं जात. शेवटच्या वर्गांतली पेटी बोटीच्या तळाशीं जाई ती मुक्कामाच्या बंदरावरच धन्याच्या दृष्टीस पडे. हजारों टनांच्या बोटीला दोन ट्रंका कमी काय आणि जास्त काय! आगगाडीवाले सामान तोलीत, हें खरें. परंतु तेथें प्रश्न केवळ भाड्याचा होता. ब्रेकच्या डब्यांत चार मण ओझें अधिक चढलें म्हणून गाडी रुळांवरून उतरल्याचें कोणी ऐकलें नाहीं.

आगगाडीनें मात्र एक देणगी पुढच्या काळाला दिली, ती पावतीची. कॅनडांतील माँक्टन गांवच्या जॉन मायकेल लायन्स या गृहस्थानें १८८२ सालच्या जून महिन्यांत एका दुहेरी तिकिटाचें पेटंट घेतलें. तिकिटावर सुटण्याचें स्थानक, उतरण्याचें स्थानक व अनुक्रमांक; खालचा अर्धा भाग फाडून प्रवाशाच्या हातीं द्यावयाचा आणि वरचा अर्धा पितळी चौकटींत बसवून पट्ट्यानें पेटीला बांधावयाचा. आज विमानतळावर बॅगेच्या मुठीला चिकटणारी कागदी पट्टी आणि प्रवाशाच्या हातीं उरणारा तिचा लहानसा तुकडा हीं त्या तिकिटाचींच वंशज होत.

विमानाची गोष्ट निराळी. २५ ऑगस्ट १९१९ या दिवशीं लंडनजवळच्या हाउन्स्लो मैदानावरून पॅरिसच्या ल बूर्जे मैदानाकडे दररोजची पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. त्या विमानांत प्रवासी होता एक, तोहि वर्तमानपत्राचा बातमीदार. बाकी जागा वर्तमानपत्रांचे गठ्ठे, चामडें, डेव्हन परगण्यांतील सायीचे डबे आणि शिकारीचे पक्षी यांनीं व्यापलेली होती. महायुद्धांतून उरलेल्या त्या एका इंजिनाच्या विमानाला माणूस आणि साय यांत भेद करण्याचें कारण नव्हतें. त्याच्या लेखीं दोन्ही वजनच.

पुढें १९२४ सालीं इंपीरियल एअरवेज ही कंपनी निघाली आणि लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर तोलाईची रीत पक्की झाली. प्रवासी आला कीं आधीं त्याच्या पेट्या काट्यावर, मग तो स्वतः. हॅट, ओव्हरकोट, हातांतली काठी, सर्वांसह. उच्च कुळांतील स्त्रियांना आणि भरल्या अंगाच्या सद्गृहस्थांना हा प्रसंग फारसा रुचत नसावा, हें सांगावयास नको. पण वैमानिकाचा नाइलाज होता. विमान जमिनीवरून उचललें जातें तें पंखांच्या आणि इंजिनाच्या बळावर, आणि त्या बळाला हिशोबी मर्यादा असते. मर्यादेपलीकडे एक शेरहि विमान उदारपणानें घेत नाहीं.

वजन किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वजन कोठें, हा असतो. ज्यांनीं बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना हें विस्तारानें समजावून सांगण्याची गरज नाहीं. गाडींत मागच्या बाजूला ओझें फार झालें कीं ती उलाळ होते, धुरी वर उठते आणि बैलांच्या मानेला फांस बसूं लागतो. गाडीवान खालीं उतरून दोन पोतीं पुढें ओढतो आणि गाडी पुन्हां समतोल चालूं लागते. विमानाचेंहि अगदीं असेंच आहे. फरक इतकाच कीं, एकदां आकाशांत गेल्यावर पोतीं पुढें ओढावयास खालीं उतरतां येत नाहीं. म्हणून उड्डाणापूर्वीं प्रत्येक विमानाचें एक भारपत्रक तयार होतें. माणसें किती, सामान किती, तें पुढच्या कोठारांत किती व मागच्या कोठारांत किती, इंधन किती, या सर्वांची बेरीज करून भाराचा मध्य कोठें पडतो तें ठरविलें जातें, आणि कप्तानानें मान्य केल्यावांचून विमान हलत नाहीं.

विमानें मोठीं झालीं तेव्हां माणसें तोलण्याची रीत मागें पडली. प्रत्येक प्रवाशाचें एक सरासरी वजन धरून हिशोब होऊं लागला. तीनचारशें माणसांच्या विमानांत जाड आणि बारीक एकमेकांना सांभाळून घेतात. परंतु वीस माणसांच्या विमानांत सरासरी हें मोठें फसवें प्रकरण आहे. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील शार्लट शहराच्या विमानतळावर एक लहान विमान उडतांक्षणींच नाक वर करून उभें राहिलें आणि कोसळलें. आंतील २१ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. चौकशींत दोन दोष निघाले. शेपटीकडील सुकाणूच्या तारांची जोडणी दुरुस्तींत चुकली होती, आणि त्यांत भर म्हणून विमानाचा भार मागच्या बाजूला मर्यादेबाहेर गेला होता. कागदावर मात्र सर्व हिशोब बरोबर होता. कारण हिशोबांतील सरासरी माणूस जुन्या काळचा होता आणि विमानांत बसलेला माणूस त्याहून वजनदार झाला होता. त्यानंतर अमेरिकेंत प्रवाशांना प्रत्यक्ष तोलून नव्या सरासऱ्या ठरविण्यांत आल्या. क्रॉयडनच्या काट्याचा उपहास करणारांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हिंदुस्थानाकडे हा आकाशमार्ग वळला तो ३० मार्च १९२९ रोजीं. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान आणि तेथून कराचीपर्यंत तीन इंजिनांचें दुसरें विमान, असा सात दिवसांचा प्रवास होता. भाडें १३० पौंड. एवढे पैसे मोजूनहि प्रवाशाचें शरीर व सामान यांचा हिशोब एकत्रच होई, आणि पहिला मान असे टपालाच्या थैल्यांना. कारण कंपनीचा खरा आधार टपालच होता. तीन वर्षांनीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जें चिमुकलें विमान आणलें त्यांत प्रवासी नव्हताच. २५ किलो टपाल एवढेंच त्याचें सामान. तें उतरलें जुहूच्या चिखलट मैदानावर. पावसाळ्यांत हें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां सारा बाडबिस्तारा पुण्याजवळ येरवड्याच्या मैदानावर न्यावा लागे. आज एका प्रवाशाला जेवढें ओझें फुकट नेतां येतें, साधारण तेवढ्यावर आपल्या देशांतील एका विमान कंपनीचा जन्म झाला.

काय न्यावयाचें नाहीं, या प्रश्नाचें पहिलें ठळक उत्तर मात्र विमानानें दिलें नाहीं. तें जर्मनांच्या अवाढव्य हवाई जहाजांनीं दिलें. हिंडेनबुर्ग हें जहाज हायड्रोजन वायूवर तरंगत असे, आणि त्यांत चढण्यापूर्वीं प्रवाशांकडून आगपेट्या व लायटर काढून घेतले जात. गंमत अशी कीं, त्याच जहाजावर धूम्रपानाची एक बंदिस्त खोली होती व तेथें नोकराच्या हातून सिगार पेटवून मिळे. ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंतील लेकहर्स्ट येथें हें जहाज पेटलें व ३६ माणसें दगावलीं. त्या आगीचा दोष कोणा प्रवाशाच्या आगपेटीवर आला नाहीं. पण प्रवाशाच्या खिशांतील किरकोळ वस्तु सर्वांच्या जिवाशीं बांधलेली आहे, हा विचार तेथपासून रुजला.

आतां कायद्याकडे वळूं. पेटी हरवली तर तिची किंमत काय? आगबोटीच्या व आगगाडीच्या प्रत्येक कंपनीचें उत्तर वेगळें असे. विमान मात्र एका दिवसांत तीन राज्यांच्या सीमा ओलांडतें, तेव्हां कोणत्या राज्याचा कायदा लावावयाचा? हा पेंच सोडविण्यासाठीं १२ ऑक्टोबर १९२९ रोजीं वॉर्सा येथें एक करार झाला. त्यांत नोंदविलेल्या सामानाची भरपाई दर किलोला २५० फ्रँक अशी ठरली. हा फ्रँक बाजारांतला नव्हे. साडेपांसष्ट मिलिग्रॅम सोन्याचा, कागदावरचा. करारांत एक मार्मिक कलम होतें. कंपनीनें सामानाची पावती न देतां सामान घेतलें, तर भरपाईच्या या मर्यादेचा आश्रय तिला घेतां येत नसे. लायन्सच्या तिकिटाला असें कायद्याचें बळ आलें. हिंदुस्थानांत हा करार १९३४ च्या कायद्यानें लागू झाला.

किलोवर किंमत ठरविण्याची ही पद्धत हिशोबाला सोपी खरी, पण तिच्यांत न्याय किती हा प्रश्न उरतोच. एखाद्या विद्वानाचें दहा वर्षांच्या श्रमांचें हस्तलिखित आणि तितक्याच वजनाचे जुने बूट, दोहोंची किंमत कराराच्या दृष्टीनें एकच! अधिक किमतीचा माल आगाऊ जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय होती. परंतु हस्तलिखिताची किंमत जाहीर करावयाची तरी किती? माँट्रिऑल येथें १९९९ सालीं जो नवा करार झाला व २००३ पासून अंमलांत आला, त्यानें किलोचें माप सोडून माणशीं एक मर्यादा घातली. भारत २००९ सालीं या करारांत सामील झाला. सामान खराब होऊन हातीं आलें तर सात दिवसांच्या आंत लेखी तक्रार करावयाची, उशिरा आलें तर एकवीस दिवसांच्या आंत, आणि एकवीस दिवस उलटूनहि आलें नाहीं तर तें हरवलें असें धरावयाचें, असा त्यांतला क्रम आहे. पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि विमानतळावर रागावून बोलतात आणि कागदावर एक ओळ न लिहितां घरीं येतात. कायदा रागाची दखल घेत नाहीं.

८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें, आणि मराठी घरांतील पेटी भरण्याच्या शास्त्राला खरी सुरुवात झाली. १९४५ सालीं हॅवाना येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणें पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला ३० किलो व खालच्या वर्गाच्या प्रवाशाला २० किलो सामान फुकट नेतां येई. त्यावर प्रत्येक किलोला पहिल्या वर्गाच्या भाड्याचा शंभरावा हिस्सा आकारला जाई. हा आकार इतका भारी होता कीं, दोन किलो लाडवांची किंमत सोनाराच्या दुकानांतल्यासारखी व्हावी. मात्र कांहीं वस्तु या वजनांतून वगळलेल्या होत्या. ओव्हरकोट, छत्री किंवा काठी, लहान कॅमेरा, वाटेंत वाचावयाचीं पुस्तकें, तान्ह्या मुलाचें खाणें. झालें! नियमाची फट सांपडल्यावर माणसाची बुद्धि स्वस्थ कशी बसावी? मे महिन्याच्या उकाड्यांत सांताक्रूझच्या विमानतळावर लोंकरी ओव्हरकोट चढविलेलीं माणसें घामाघूम उभीं दिसत, आणि त्या कोटांच्या खिशांत शब्दकोशापासून सुपारीच्या डब्यापर्यंत सारें कांहीं असे.

यांत हांसण्यासारखें जितकें आहे तितकेंच कींव येण्यासारखेंहि आहे. त्या काळीं परकीय चलनाची टंचाई एवढी कीं, बाहेर जाणाऱ्या माणसाला सरकार बरोबर नेऊं देई ते अवघे आठ डॉलर, असा अनुभव साठ-सत्तरच्या दशकांत गेलेल्या पुष्कळांनीं नोंदवून ठेवला आहे. आठ डॉलरांत परक्या गांवीं पहिला आठवडा कसा काढावयाचा? म्हणून आई पेटींत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, डाळी भरी. कोणी प्रेशर कुकर घेई. कोणी स्टीलचीं ताटें घेई. वीस किलोंचा तो हिशोब हौसेचा नव्हता. गृहिणी स्वयंपाकघरांतल्या तराजूवर एकेक पुडी तोलून पाहात असे, आणि पुस्तकें काढावींत कीं डाळ काढावी, असा वाद मुलाशीं घाली. बहुधा पुस्तकें निघत.

पुढें मोठीं जेट विमानें आलीं, पोटांत जागा झाली, आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेच्या मार्गावर किलोंऐवजीं नगांचा हिशोब सुरू झाला. दोन नग, प्रत्येकाची लांबी, रुंदी व उंची मिळून ६२ इंचांहून अधिक नको, आणि वजन ३२ किलोंच्या आंत. आज साधारण वर्गाला बहुतेक ठिकाणीं ही मर्यादा २३ किलोंवर आली आहे. ३२ किलोंचा आंकडा मात्र कमाल म्हणून अद्याप उभा आहे, आणि त्याचें कारण विमानांत नाहीं, माणसांत आहे. बॅग उचलणाऱ्या हमालाची पाठ मोडूं नये, एवढाच त्याचा अर्थ. प्रवासी ती बॅग दोनदां उचलतो. हमाल दिवसाला शेंकड्यांनीं उचलतो. याच सुमारास, १९७२ सालीं, बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाला बॅगेला चाकें लावण्याचें पेटंट मिळालें, आणि १९८७ सालीं रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें ती बॅग उभी करून तिला लांब दांडा बसविला. मनुष्य चंद्रावर आधीं पोंचला आणि त्याच्या बॅगेला चाकें मागून आलीं, हा क्रम मोठा चमत्कारिक खरा.

येथवरचा इतिहास वजनाचा व पैशाचा. यापुढचा भीतीचा आहे, आणि त्याचें एक दारुण पान आपल्याच लोकांचें आहे. २२ जून १९८५ रोजीं कॅनडांतील व्हँकूव्हर विमानतळावर एका माणसानें काउंटरवर बॅग ठेवली. त्याचें टोराँटोपर्यंतचें आसन पक्कें होतें, पण टोराँटोहून मुंबईकडे जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांत त्याचें नांव केवळ प्रतीक्षायादींत होतें. आसन पक्कें नसेल तर बॅग पुढपर्यंत पाठवितां येत नाहीं, असें काउंटरवरील कर्मचारी स्त्रीनें त्याला सांगितलें. तो हटून बसला. मागें रांग वाढत होती. अखेर तिनें बॅगेला पुढची पट्टी लावली. बॅग गेली, माणूस विमानांत चढलाच नाहीं. टोराँटोला सामान तपासण्याचें क्ष-किरण यंत्र त्या दिवशीं अर्ध्यावर बंद पडलें आणि उरलेल्या बॅगा हातांतल्या एका कुचकामी यंत्रानें तपासल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ‘सम्राट कनिष्क’ हें विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१ हजार फुटांवर असतांना रडारच्या पडद्यावरून एकाएकीं नाहींसें झालें. आंतील ३२९ माणसें गेलीं. त्यांत सुटींत आजीआजोबांना भेटावयास निघालेलीं मुलें फार होतीं. समुद्रांतून १३१ देह मिळाले. बाकीच्यांचा ठाव लागला नाहीं. त्याच्या सुमारें तासभर आधीं जपानमधील नारिता विमानतळावर दुसरी एक बॅग फुटली होती. तीहि व्हँकूव्हरहूनच आलेली, तीहि धन्यावांचूनची, आणि तीहि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानांत चढावयाची होती. तेथें दोन जपानी हमाल मृत्यु पावले. भारतांत न्यायमूर्ति किरपाल यांनीं या अपघाताची चौकशी केली, आणि कॅनडाच्या चौकशी आयोगाचा अहवाल तर पंचवीस वर्षांनीं, २०१० सालीं, बाहेर आला. आयर्लंडमधील अहाकिस्ता या खेड्यांत समुद्राकडे तोंड करून या माणसांचें स्मारक उभें आहे.

‘आसन नाहीं तर बॅग नाहीं’ हा नियम त्या दिवशींहि पुस्तकांत होता. रांगेतल्या पांच मिनिटांच्या अधीरपणापुढें तो टिकला नाहीं. त्या बाईला दोष देणें सोपें आहे. पण मागें उभें राहून चुळबुळ करणारी रांग दोषांतून वगळावयाची कशी? ज्याची बॅग त्यानें त्याच विमानांत असलें पाहिजे, ही अट यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत कडक झाली. तरीहि २१ डिसेंबर १९८८ रोजीं स्कॉटलंडमधील लॉकर्बी गांवावर पॅन अमेरिकन कंपनीचें विमान फुटून कोसळलें व २७० माणसें मेलीं, तेव्हां तेथेंहि धन्यावांचून आलेली बॅगच निघाली. तिच्यांतील रेडिओ-कॅसेटच्या यंत्रांत स्फोटक दडविलेलें होतें. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना विमानाच्या शिडीपाशीं नेऊन उन्हांत मांडून ठेवलेल्या बॅगांतून आपापली बॅग बोटानें दाखवावयास लावीत, तें श्रोत्यांपैकीं कित्येकांना आठवत असेल. जी बॅग कोणीं ओळखली नाहीं ती तेथेंच राही. त्या वेळीं लोक या प्रकाराला फार कुरकुरले. आतां तेंच काम पट्टीवरील दहा आंकड्यांची ओळ मुकाट्यानें करते.

२००६ सालच्या ऑगस्टमध्यें लंडनमध्यें एक कट उघडकीस आला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकें अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत न्यावयाचीं, असा बेत होता. १० ऑगस्टच्या सकाळीं ब्रिटनमधील विमानतळांवर हातांतील सामान जवळजवळ बंद झालें. तान्ह्या मुलाचें दूधहि आईबापांनीं चाखून दाखवावें लागे. पुढें त्यांतून शंभर मिलिलिटरचा नियम निघाला. प्रत्येक द्रव शंभर मिलिलिटरच्या बाटलींत, आणि साऱ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवींत. नव्या यंत्रांमुळें युरोपांतील कांहीं विमानतळांनीं अलीकडे हा नियम सैल केला आहे, पण सर्वत्र नव्हे.

या नियमानें आपल्या स्वयंपाकघराशीं जो तंटा मांडला तो मोठा मनोरंजक आहे. द्रव म्हणजे काय? पाणी, तेल हें तर झालेंच. परंतु तूप? लोणचें? आमरस? सायीचें दही? तपासनीसाच्या दृष्टीनें जें ओतलें जातें, पसरतें किंवा लिबलिबतें तें सारें द्रव. तेव्हां आंब्याच्या लोणच्याची बरणी हातांतल्या पिशवींत ठेवून निघालेल्या माणसाला ती तेथेंच सोडावी लागते. सुक्या खोबऱ्याचें आश्चर्य त्याहून मोठें. देवापुढें ठेवलेली खोबऱ्याची वाटी कोणाला घातक वाटेल? पण सुक्या खोबऱ्यांत तेलाचा अंश भरपूर असतो. साठ्यांत कोंडून राहिलें तर तें हवेशीं संयोग पावून आपोआप तापतें आणि पेटूंहि शकतें. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक पदार्थांच्या यादींत त्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत तें बसविलेलें आहे. कोंकणांतल्या घरांत माळ्यावर खोबरें वाळविणाऱ्या आजीला हें सांगितलें तर ती हंसेल. पण बोटींतून खोबऱ्याची वाहतूक करणाऱ्या व्यापाऱ्यांना ही खोड जुनी ठाऊक आहे.

विमानाचा नियम निराळा आणि उतरण्याच्या देशाचा नियम निराळा, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खसखस विमानाला मुळींच अपाय करीत नाहीं. परंतु ती अफूच्या बोंडांतली असल्यामुळें संयुक्त अरब अमिरातींत निषिद्ध आहे. दिवाळींत दुबईच्या नातलगांसाठीं अनारसे नेतांना त्यांच्या पाठीवर काय लावलें आहे, याचा विचार येथेंच केलेला बरा. तेथें त्यावर तुरुंगहि पाहावा लागतो. अमेरिकेंत ताज्या कढीलिंबाची डहाळी नेतां येत नाहीं; त्या झाडावर वाढणारा एक किडा संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावतो, असा अनुभव आहे. नागपूरच्या बागाईतदाराला या नियमाचें मर्म चटकन् समजेल.

अलीकडची धास्ती मात्र खाण्याची नाहीं, विजेची आहे. आगपेट्या काढून घेणाऱ्या हिंडेनबुर्गच्या नोकराला आजचें दृश्य दाखविलें तर तो चकित होईल. प्रत्येक प्रवाशाच्या खिशांत लिथियमची विद्युत्घटमाला असते, आणि ती बिघडली तर स्वतःच्याच उष्णतेनें भडकत जाते. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेलें एक मालवाहू विमान अशाच घटमालांच्या मालाला लागलेल्या आगींत नष्ट झालें. म्हणून सुट्या घटमाला व ‘पॉवर बँक’ कोठारांतील सामानांत ठेवावयाचे नाहींत, हातांतच ठेवावयाचे, असा नियम आहे; १०० वॅट-तासांपर्यंत सहज, त्यापुढें १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीनें. चाकू हातांत चालत नाहीं, कोठारांत चालतो. घटमाला कोठारांत चालत नाहीं, हातांत चालते. प्रवाशाला हा विरोधाभास वाटतो. पण चाकूचें भय माणसाच्या हातांत आहे, आणि घटमालेचें भय जेथें माणसाचा हात पोंचत नाहीं तेथें आहे.

‘मलबार प्रिन्सेस’ विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें. आंतील ४८ जणांत बहुतेक परदेशीं बोटीवर कामाला निघालेले हिंदी खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून निघालेलें ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर नष्ट झालें, डॉ. होमी भाभा त्यांत होते. माणसें गेलीं तीं ११७. सामान मात्र बर्फानें गिळलें आणि हिमनदीच्या संथ वेगानें खालीं आणावयास सुरुवात केली. २०१२ सालीं परराष्ट्र मंत्रालयाचें नांव असलेली टपालाची थैली वर आली. पुढच्या वर्षीं पाचू, माणकें व नीलमणी भरलेली एक धातूची पेटी एका तरुण गिर्यारोहकाला सांपडली व त्यानें ती पोलिसांच्या स्वाधीन केली. धनी न मिळाल्यामुळें २०२१ सालीं तीं रत्नें तो तरुण व शामोनी गांव यांच्यांत निम्मीं निम्मीं वांटलीं गेलीं. त्यांपूर्वीं एक वर्ष, २०२० सालीं, बर्फ वितळतांना १९६६ च्या जानेवारींतील भारतीय वर्तमानपत्रांच्या प्रती बाहेर आल्या. त्या वाळवून उलगडल्या, तेव्हां इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची ठळक बातमी अजून वाचतां येत होती.